लगाम कोणाच्या हाती? इंग्रजीतील घोडेस्वारीचे वाक्प्रचार समजून घेताना आणि मराठीत आणताना

इंग्रजी वर्तमानपत्राच्या एकाच पानावर मध्यवर्ती बँक महागाईला ‘रेन इन’ करते, एखादी कंपनी कर्जाने ‘सॅडल्ड’ असते, निवडणुकीत कोणी अनोळखी उमेदवार ‘डार्क हॉर्स’ ठरतो आणि एखादे सरकार विरोधकांच्या हक्कांवरून ‘रफशॉड’ दौडत जाते. यांपैकी एकाही बातमीत घोडा नसतो, तरीही प्रत्येक वाक्यामागे घोडा, त्याचे सामान आणि स्वार उभे असतात. शब्दकोश उघडला की प्रत्येकाचा अर्थ मिळतो. परंतु तो वाक्प्रचार कोणासमोर वापरावा, कोणत्या रूपात वापरावा आणि मराठीत आणताना घोडा ठेवावा की सोडून द्यावा, हे शब्दकोशातून सहसा कळत नाही. वाक्प्रचारांच्या लांबलचक याद्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि नव्या अनुवादकांना माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, यादी बाजूला ठेवावी आणि आधी घोडा नीट पाहावा.

सुरुवात घोड्याच्या तोंडापासून

मराठीत ‘लगाम’ हा एकच शब्द आपण सगळ्यासाठी वापरतो. इंग्रजीत मात्र त्याचे तीन स्वतंत्र भाग आहेत आणि प्रत्येक भागाने वाक्प्रचारांचे वेगळे कुटुंब निर्माण केले आहे. घोड्याच्या डोक्यावर चढवायचा चामडी पट्ट्यांचा साज म्हणजे ‘ब्रायडल’, त्याच्या तोंडात बसणारी लोखंडी कांब म्हणजे ‘बिट’ आणि त्या कांबेपासून स्वाराच्या हातापर्यंत येणारे दोन पट्टे म्हणजे ‘रेन्स’. हे तीन भाग डोळ्यांसमोर वेगळे दिसू लागले की निम्मे काम झाले असे समजावे.

‘रेन’चे सर्व वाक्प्रचार स्वाराच्या हाताबद्दल आहेत. हात आवळला की ‘कीप अ टाइट रेन’, सैल सोडला की ‘गिव्ह फ्री रेन’, मागे खेचला की ‘रेन इन’, दुसऱ्याच्या हाती पट्टे दिले की ‘हँड ओव्हर द रेन्स’. यांत सर्वांत जास्त चुकणारा प्रयोग ‘फ्री रेन’ हा आहे. हा शब्द आर-ई-आय-एन असा लिहितात. परंतु राज्यकारभार या अर्थाच्या आर-ई-आय-जी-एन या शब्दाचा उच्चार हुबेहूब तसाच असल्यामुळे, आणि ‘मुक्त राज्य’ हा अर्थही वरवर जुळत असल्यामुळे, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे लेखकसुद्धा येथे चुकीचा शब्द लिहून जातात. दोन्ही शब्द लॅटिनमधून फ्रेंचच्या मार्गाने आले असले तरी एकाचे मूळ ‘मागे धरून ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे, तर दुसऱ्याचे राज्य या अर्थाच्या नामात. सैल सोडलेला पट्टा ज्याला दिसतो, तो हे स्पेलिंग कधीही चुकत नाही.

‘बिट’ समजण्यासाठी घोड्याच्या जबड्याची रचना माहीत असावी लागते. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो. लोखंडी कांब तेथे टेकते. स्वाराने पट्टा ओढला की तिचा दाब तोंडातल्या नाजूक भागावर येतो आणि घोडा ऐकतो. उभे राहून कंटाळलेला, धावायला आतुर झालेला घोडा हीच कांब चघळत, तोंडाला फेस आणत राहतो, म्हणून अधीर माणूस ‘चॅम्पिंग ॲट द बिट’ असतो. अमेरिकेत त्याचेच ‘चॉम्पिंग’ झाले आहे आणि आता ते रूपही सर्रास स्वीकारले जाते. परंतु घोड्याने ती कांब मागे ढकलून दाढांमध्ये घट्ट धरली, तर ओढणाऱ्या हाताचा काही उपयोग होत नाही आणि घोडा मनाला येईल तसा धावत सुटतो. ‘टेक द बिट बिटवीन वन्स टीथ’ हा वाक्प्रचार तेथून आला. एके काळी त्यात बेबंदपणाचाच भाव होता. आजच्या ब्रिटिश वापरात मात्र एखादे अवघड काम निर्धाराने अंगावर घेणाऱ्याचे कौतुकही त्याने केले जाते. त्यामुळे एकाच कांबेचे हे दोन वाक्प्रचार परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत: पहिल्यातला घोडा अजून उभा आहे, दुसऱ्यातला सुटला आहे.

हनुवटीखालून साखळी जाणाऱ्या, अधिक कडक लगामाला ‘कर्ब’ म्हणतात, आणि खर्चाला किंवा उत्साहाला ‘कर्ब’ करणे हे क्रियापद त्यातूनच आले. ‘ब्रायडल’ शब्दाचे क्रियापद त्याहून सूक्ष्म आहे. लगाम खेचला गेल्यावर घोडा मान ताठ करून हनुवटी आत घेतो; दुखावलेला, मानी माणूसही नेमके तेच करतो. ‘शी ब्रायडल्ड ॲट द सजेशन’ या वाक्याचे भाषांतर ‘तिने त्या सूचनेला आवर घातला’ असे केलेले मी वाचले आहे, आणि ते पूर्णपणे उलटे आहे. ती स्वार नाही. त्या सूचनेमुळे मान ताठ झाली ती तिची स्वतःची. मराठीत ‘त्या सूचनेने ती फणकारली’ एवढे पुरे.

घोडा कोण आणि स्वार कोण

हाच प्रश्न प्रत्येक वाक्प्रचारासमोर विचारावा, कारण अर्थाचा सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो. ‘इन द सॅडल’ असलेला माणूस खोगिरावर बसलेला आहे, म्हणजे कारभार त्याच्या हाती आहे. ‘बॅक इन द सॅडल’ म्हणजे आजारपणानंतर किंवा अपयशानंतर तो पुन्हा कामाला लागला आहे. पण तोच माणूस ‘सॅडल्ड विथ डेट’ झाला की खोगीर त्याच्याच पाठीवर चढवलेले असते. एकच वस्तू, परंतु जागा बदलल्याबरोबर सत्ता असलेला माणूस ओझ्याखालचा प्राणी होतो. म्हणूनच हे क्रियापद बहुतेक वेळा कर्मणी रूपातच येते आणि ओझे नकोसे, इतरांनी लादलेले असते. आवडीने स्वीकारलेल्या जबाबदारीसाठी ते वापरू नये.

‘राइड’ या क्रियापदाचे ‘रिडन’ हे रूप याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘गिल्ट-रिडन’, ‘डेट-रिडन’, ‘क्राइम-रिडन’ या शब्दांमध्ये अपराधभाव, कर्ज किंवा गुन्हेगारी ही स्वार आहे आणि माणूस, कुटुंब किंवा शहर हा घोडा. मराठीला हे चित्र नवे नाही. आपल्याकडे भूत मानगुटीवर बसते, आणि ‘अपराधभावाने पछाडलेला’ म्हटले की इंग्रजी शब्दाचा भार जसाच्या तसा उतरतो. याला एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी वापरला जाणारा ‘बेडरिडन’ हा शब्द दिसतो या मालिकेतला, परंतु त्याचे जुन्या इंग्रजीतले मूळ ‘अंथरुणावर स्वार झालेला’ असे आहे. तेथे बिचारा रुग्णच स्वार आहे.

‘स्पर’ म्हणजे स्वाराच्या टाचेला बांधलेला काटा. टाच मारली की घोडा उसळतो, म्हणून ‘ऑन द स्पर ऑफ द मोमेंट’ घेतलेला निर्णय म्हणजे क्षणानेच टाच मारल्यासारखा, पूर्वविचाराविना घेतलेला निर्णय. परंतु ‘विन वन्स स्पर्स’ या वाक्प्रचारात काटा टोचण्याचा काहीही संबंध नाही. मध्ययुगीन युरोपात नाइट ही पदवी मिळालेल्या योद्ध्याला सोनेरी मुलाम्याचे काटे बांधण्याचा मान मिळे. 1346 साली क्रेसीच्या लढाईत इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या 16 वर्षांच्या मुलाभोवती शत्रूचा वेढा आवळला, तेव्हा मदत मागायला आलेल्या दूताला राजाने नकार दिला आणि मुलाला त्याचे काटे स्वतःच मिळवू द्या असे सांगितले, अशी हकीकत फ्रॉइसार या इतिवृत्तकाराने नोंदवून ठेवली आहे. म्हणून आपली पात्रता पहिल्यांदा सिद्ध करणाऱ्या नवोदितासाठीच हा वाक्प्रचार शोभतो. तीस वर्षे गाजलेल्या गायकाने आणखी एक मैफल जिंकली, तर त्याने ‘स्पर्स’ जिंकले असे म्हणणे म्हणजे त्याला आजच उमेदवार ठरवण्यासारखे आहे.

‘राइड रफशॉड ओव्हर’ याचा अर्थ अनेकांना ‘रफ’ या शब्दावरून साधारण कळतो. पण मागचे चित्र कळले की त्याची तीव्रता कळते. बर्फावर घोड्याचा पाय घसरू नये म्हणून नालेच्या खिळ्यांची टोके मुद्दाम बाहेर ठेवत. अशा नाला ठोकलेला घोडा कोणाच्या अंगावरून गेला तर काय होईल, याची कल्पना करावी. दुर्लक्ष करणे किंवा न विचारता निर्णय घेणे एवढ्यापुरता हा प्रयोग फार जड होतो. दुसऱ्याच्या हक्कांची आणि भावनांची पर्वा न करता त्यांना पायदळी तुडवले जात असेल, तेव्हाच तो वापरावा. ‘पायदळी तुडवणे’ हा त्याचा नेमका मराठी जोडीदार आहे.

कोणासमोर काय बोलावे, याचीही येथेच काळजी घ्यावी. ‘होल्ड युअर हॉर्सेस’ म्हणजे ‘जरा दम धरा’. ते नेहमी अनेकवचनी असते, मित्राला किंवा धाकट्याला शोभते, आणि वरिष्ठांना पाठवायच्या पत्रात अजिबात शोभत नाही. ‘गेट ऑफ युअर हाय हॉर्स’ त्याहून कठोर आहे. मध्ययुगात उंच, दणकट घोडा हे सरदाराचे लक्षण होते आणि पायी चालणाऱ्याला त्याच्याकडे मान वर करून पाहावे लागे. आज त्या घोड्यावर बसतो तो नैतिक श्रेष्ठत्वाचा तोरा मिरवणारा माणूस. आपला ‘उंटावरचा शहाणा’ वरवर त्याचा भाऊ वाटतो, कारण तोही उंचावर बसलेला आहे. परंतु त्याचा दोष वेगळा आहे. तो परिस्थितीच्या जवळ न जाता अव्यवहार्य सल्ला देतो, तर ‘हाय हॉर्स’वरचा माणूस इतरांना आपल्यापेक्षा हीन ठरवतो. या दोघांची अदलाबदल करणारे भाषांतर वाचायला गोड वाटते, आणि म्हणूनच चूक सहज नजरेआड होते.

घोड्यावर चढताना मदतनीस स्वाराचा वाकवलेला पाय हातात घेऊन वर उचलतो; त्यावरून ‘गिव्ह अ लेग अप’ म्हणजे एखाद्याला पुढे जाण्यासाठी आधार देणे. इंग्रजी येथे पाय उचलते, मराठी हात देते. आणि चढलेला माणूस पडतोही: बेफाम स्वारी करणारा ‘राइडिंग फॉर अ फॉल’ असतो, म्हणजे पडणे अजून व्हायचे आहे, तर ‘केम अ क्रॉपर’ म्हटले की तो पडून चुकलेला असतो. दुसऱ्यासाठी ‘तोंडावर आपटला’ हा तयार प्रयोग आपल्याकडे आहे आणि त्याहून चांगला शोधण्याची गरज नाही.

शर्यतीचे मैदान वेगळे

युद्ध आणि प्रवासातून आलेल्या वाक्प्रचारांपेक्षा शर्यतीतून आलेले वाक्प्रचार हलके, खेळकर असतात. ‘विन हँड्स डाउन’ वाचून अनेकांना हात टेकणे, म्हणजे हार मानणे आठवते. अर्थ नेमका उलट आहे. विजय निश्चित झाला की जॉकी हात खाली घेतो, लगाम सैल सोडतो आणि घोड्याला न दामटता शर्यत जिंकतो. म्हणून हा प्रयोग सहज, निर्विवाद विजयासाठी करावा. अटीतटीच्या सामन्यासाठी ‘नेक अँड नेक’ आहे, कारण तेथे दोन घोड्यांच्या माना अखेरपर्यंत बरोबरीने धावत असतात.

‘डार्क हॉर्स’चे भाषांतर ‘काळा घोडा’ असे करू नये. येथे ‘डार्क’ म्हणजे अंधारातला, ज्याच्याबद्दल पैज लावणाऱ्यांना काहीच माहिती नाही असा. घोडा पांढराशुभ्र असला तरी चालेल. बेंजामिन डिझरायली यांनी 1831 च्या एका कादंबरीत शर्यतीच्या वर्णनात हा शब्द वापरला आणि पुढे तो राजकारणात शिरला. अमेरिकेत 1844 साली बाल्टिमोरच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने नवव्या फेरीत जेम्स पोक यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली, तेव्हा सुरुवातीच्या फेऱ्यांत त्यांचे नावही नव्हते. डार्क हॉर्स उमेदवाराचे ते ठळक उदाहरण मानले जाते. मराठीत ‘छुपा रुस्तम’ जवळ येतो, पण त्यात दडवून ठेवलेल्या करामतीची छटा आहे. निवडणुकीच्या बातमीत ‘अनपेक्षितपणे पुढे आलेला उमेदवार’ असे साधे लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

राजकारणाचाच आणखी एक घोडा प्रवाहाच्या मध्यावर उभा आहे. 1864 साली यादवी युद्ध सुरू असताना अब्राहम लिंकन यांना पुन्हा उमेदवारी मिळाली. अभिनंदनाला आलेल्या मंडळींना त्यांनी एका म्हाताऱ्या डच शेतकऱ्याचे बोल सांगितले, की ओढा ओलांडताना घोडे बदलणे बरे नव्हे. ‘चेंज हॉर्सेस इन मिडस्ट्रीम’ त्यामुळे सर्वतोमुखी झाले, आणि ते वापरताना दोन गोष्टी असाव्या लागतात: काम अर्धवट झालेले असावे आणि बदलात बुडण्याचा धोका असावा. काम सुरू होण्यापूर्वी नेता बदलला, तर हा प्रयोग लागू होत नाही.

ज्या ‘राइड’मध्ये घोडा नाही

प्रत्येक ‘राइड’ घोड्याचीच आहे असे मानले तर अर्थ भलतीकडे जातो. ‘राइड आउट द स्टॉर्म’ हा जहाजाचा शब्द आहे. नांगर टाकलेले जहाज लाटांवर वरखाली होत वादळ जाण्याची वाट पाहते, त्या अवस्थेला इंग्रजी खलाशी ‘राइड’ म्हणत. येथे ‘वादळावर स्वार होणे’ हे भाषांतर चुकीचे आहे, कारण त्यात जोर आणि जिंकणे आहे. मूळात आहे ते तग धरणे. ‘राइड शॉटगन’ मात्र घोडागाडीतून आले आहे: चालकाशेजारी बंदूक घेऊन बसणाऱ्या राखणदारावरून आज मोटारीतल्या पुढच्या आसनाला हे नाव पडले. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांना सहलीला निघताना ते ऐकू येते, तेव्हा दचकण्याचे कारण नाही.

दचकायला हवे ते ‘टेक फॉर अ राइड’ ऐकून. आपण ‘साहेबांना गाडीतून फिरवून आणले’ हे सरळ मनाने इंग्रजीत उतरवायला जातो आणि ‘साहेबांना टोपी घातली’ असे लिहून बसतो. अमेरिकेतल्या 1920 च्या दशकातील टोळ्यांच्या बोलीत तर या शब्दांचा अर्थ माणसाला गाडीतून नेऊन ठार मारणे असा होता. सोडायला किंवा फिरवायला नेले असेल तर अमेरिकी इंग्रजीत ‘गेव्ह अ राइड’ आणि ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘गेव्ह अ लिफ्ट’ असे लिहावे. याच ओघात हेही सांगायला हवे की मराठीत आपण मोटारही चालवतो आणि दुचाकीही चालवतो, म्हणून दुचाकीसाठीही ‘ड्राइव्ह’ लिहिले जाते. इंग्रजीत ज्यावर पाय टाकून बसायचे ते ‘राइड’ करतात, मग तो घोडा असो वा स्कूटर.

मराठीत आणताना बैलाची आठवण ठेवावी

अर्थ कळला, छटा कळली, आता प्रश्न उरतो तो घोड्याचे काय करायचे याचा. मराठीत या कामासाठी दोन कोठारे आहेत आणि दोन्ही भरलेली आहेत. पहिले कोठार मराठ्यांच्या घोडदळाचे. शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला येई, बारगिराला सरकारी घोडा मिळे, आणि त्या पागांमधून मांड ठोकणे, टाच मारणे, चौखूर उधळणे, आपलेच घोडे दामटणे असे प्रयोग भाषेत राहिले; लगाम, खोगीर, रिकीब हे शब्दही फारसीच्या वाटेने येऊन येथलेच झाले. दुसरे कोठार शेताचे. तेथे घोडा नाही, बैल आहे. आणि इंग्रजी जेथे घोड्याकडे वळते, तेथे मराठी अनेकदा बैलाकडे वळते, ही गोष्ट अनुवादकाने कायम मनाशी ठेवावी.

‘रेन इन’साठी ‘लगाम घालणे’ चालते, पण ‘महागाईला वेसण घालणे’ अधिक ठसठशीत आहे, कारण वेसण बैलाच्या नाकातून जाते आणि तिच्या ओढीला पर्याय नसतो. ‘टेक द रेन्स’साठी ‘धुरा हाती घेणे’ आहे, ‘लूझ रेन’साठी ‘कासरा सैल सोडणे’ आहे आणि ‘बॅक इन द सॅडल’साठी ‘पुन्हा कामाला जुंपून घेणे’ आहे. मात्र या शेवटच्या जोडीत एक बदल होतो आणि तो जाणीवपूर्वकच स्वीकारावा: इंग्रजीतला माणूस खोगिरावर परत चढतो, मराठीतला जुवाखाली मान देतो. परत येणारा माणूस कंपनीचा अध्यक्ष असेल तर ‘पुन्हा सूत्रे हाती घेतली’ हे अधिक योग्य. रोजचे काम करणारा असेल तर ‘जुंपून घेतले’ हेच खरे. ‘डोंट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ’ या म्हणीतही असाच प्राणी बदलतो. घोड्याचे वय दातांवरून ओळखतात, म्हणून दानात मिळालेल्या घोड्याचे तोंड उघडून पाहणे हा दात्याचा अपमान ठरतो. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास संत जेरोम यांनी ही म्हण लॅटिनमध्ये नोंदवली आणि 1546 साली जॉन हेवूड यांच्या इंग्रजी म्हणींच्या संग्रहात ती आली. आपल्याकडे तोच विचार ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ असा गायीच्या तोंडाशी येऊन थांबतो. दात तेच, जनावर वेगळे.

उलट दिशेने जातानाही हीच शिस्त पाळावी. ‘घोडं इथंच पेंड खातं’ याचे शब्दशः इंग्रजी केले तर वाचकाला पशुपालनाची माहिती मिळेल. अडचण नेमकी कोठे आहे हे सांगायचे असेल तर ‘द कॅच’ किंवा ‘द स्नॅग’ पुरे. खोगिरात चिंध्या कोंबण्यावरून आलेल्या ‘खोगीरभरती’साठी मजकुराबाबत ‘पॅडिंग’ आणि कार्यालयातल्या निरुपयोगी माणसांबाबत ‘डेडवुड’ असे दोन वेगळे शब्द वापरावे लागतात. सर्वांत फसवी जोडी ‘वरातीमागून घोडे’ आणि ‘लॉकिंग द स्टेबल डोअर आफ्टर द हॉर्स हॅज बोल्टेड’ ही आहे, कारण दोन्हीकडे घोडा आहे आणि दोन्हीकडे उशीर झालेला आहे. परंतु इंग्रजीतला घोडा पळून गेल्यावर मालक तबेल्याला कुलूप लावतो, म्हणजे नुकसान झाल्यावर बंदोबस्त करतो. मराठीतले घोडे मात्र पळालेले नाहीत, ते मिरवणूक निघून गेल्यावर सजूनधजून हजर झाले आहेत. चोरी झाल्यावर कॅमेरे बसवणाऱ्या सोसायटीसाठी इंग्रजी म्हण बिनचूक बसते. निकाल लागल्यानंतर महिन्याने हाती पडलेल्या अभ्यासपुस्तिकांसाठी तबेला आणि कुलूप काढू नये. तेथे ‘टू लेट टू बी ऑफ एनी यूज’ असे साध्या इंग्रजीत लिहावे.